दोन खांबांमधले अंतर

वरळी कोळीवाड्यातल्या क्लीव्हलँड बंदरावर एका संध्याकाळी एका जुन्या तांडेलाने मला पुलाचे गणित समजावून सांगितले. वाळत घातलेल्या जाळ्यावर त्याने पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या उभ्या केल्या आणि मधून आपला तळहात सरकवला. तळहात आरामात पार झाला. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याने त्याच तळहाताला बाजूने ढोसले. हा ओहोटीचा ओढा. तळहात तिरका झाला आणि एक बाटली कलंडली. ती पुन्हा उभी करून त्याने माझा हात धरला, समोरून येणारी दुसरी होडी म्हणून तो आणला, आणि या खेपेला दोन्ही बाटल्या गेल्या. "खांब जागच्या जागी असतो, सायेब," तो म्हणाला, "होरी नसते."

मुंबईच्या किनारा रस्त्यावरून जी काही वर्षे वाद चालला, त्यातला वरळीपुरता भाग त्या दोन बाटल्यांमध्ये मावतो. मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून सागरी सेतूच्या वरळीकडच्या टोकापर्यंतचा हा रस्ता १०.५८ किलोमीटरचा. काही भाग भरावावर, काही मलबार हिलच्या पोटातून, आणि वरळीकडे पाण्यात रोवलेल्या खांबांवर. क्लीव्हलँड बंदरातून निघालेल्या होड्यांना समुद्र गाठायचा तर याच खांबांमधून जायचे. आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलेले होते. मच्छीमारांनी २०० मागितले. ६० पुरेसे आहे असे तज्ज्ञांचे म्हणणे पालिका पुढे करीत राहिली आणि कोळी होड्या घेऊन कामाच्या आड येत राहिले. शेवटी २०२२ सरता सरता तोडगा निघाला: आठव्या क्रमांकाचा खांब वगळायचा, सातव्या आणि नवव्यामध्ये १२० मीटर मोकळे ठेवायचे.

सागरी सेतूचा अनुभव कोळ्यांच्या गाठीशी होता. हा सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला आणि त्याच्या खांबांमधून ये-जा करण्यात एक पिढी तयार झाली. म्हणून ते मोजमापाची भाषा बोलत होते. इंजिन बंद पडले तर, रात्री धुके असेल तर, दक्षिणेचा वारा आणि ओहोटी एकदम आली तर. आपण शहरी माणसे मात्र हा सगळा प्रकार 'कोळ्यांच्या मागण्या' या सदरात टाकून मोकळे झालो. वर्तमानपत्रांतही तो 'रखडलेला प्रकल्प' या मथळ्याखाली आला. सांस्कृतिक वारशाच्या पानावर तो आल्याचे मला आठवत नाही. या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो एवढ्यासाठीच. मुंबईपासून उत्तरेला डहाणूपर्यंत आणि खाडीपलीकडे उरणपर्यंतच्या कोळीवाड्यांतल्या ज्या नोंदी यात गोळा केल्या आहेत, त्यांत गाणी थोडी आणि अंतरे फार आहेत. मला तेच योग्य वाटते.

वारसा हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी भेटतो: पर्यटन खात्याच्या जाहिरातीत आणि तलाठ्याच्या दप्तरात. जाहिरातीतल्या वारशाला फोटो लागतो. दप्तरातल्या वारशाला वारस लागतो, वारसनोंद लागते, चतुःसीमा लागतात. अडचण अशी की किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा खरा वारसा दुसऱ्या प्रकारचा आहे आणि त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. कारण दर्याला सातबारा नसतो. डोल जाळे कुठे लावायचे, कुणाच्या जागेशेजारी कुणाची जागा, कोणत्या खुंटापासून किती वाव सोडायचे, खडपांमधली वाट कुठून, उधाणाला कुठे जायचे आणि भांगाला कुठे, हे सगळे ठरलेले असते. भांडणे होतात, ती गावपंच मिटवतात. आजोबाची जागा नातवाकडे येते. मालमत्तेची सगळी लक्षणे यात आहेत, फक्त कागद नाही. आणि विकासाचा आराखडा कागदावरच निघतो. जे कागदावर कोरे ते जमिनीवर मोकळे, असा त्याचा साधा हिशेब. समुद्राचा निळा रंग नकाशात नेहमीच कोरा दिसतो.

गंमत म्हणजे या शहराचे पहिले मोठे किनारी बांधकाम जिथे झाले, तिथली आख्यायिका नेमकी याविषयीच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी बांध घालून बंद करण्यात आली. तोच हॉर्नबी वेलार्ड. काम रामजी शिवजी या पाठारे प्रभू अभियंत्याकडे होते. बांध घातला की ढासळे, पुन्हा घातला की पुन्हा ढासळे. मग देवी त्यांच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मी खाडीच्या तळाशी आहे, मला आधी वर काढ. मूर्ती निघाल्या, बांध टिकला, आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. कथा खरी की खोटी हा मुद्दाच नाही. ज्यांनी ती सांगितली त्यांना एवढे कळत होते की पाण्याखाली आधीपासून कुणीतरी आहे आणि बांधणाऱ्याने त्याला विचारायचे असते. पर्यावरणीय परिणामाचा अहवाल म्हणून मी ही कथा वाचतो, आणि अलीकडे वाचलेल्या काही जाडजूड अहवालांपेक्षा ती मला अधिक प्रामाणिक वाटते. किनारा रस्ता जातो तो याच देवळाच्या पायथ्याजवळून.

विचारण्याची रीत कोळीवाड्यात अजून आहे. वरळीच्या गोल्फादेवीला कौल लावतात. लग्न ठरवायचे असो वा नवी होडी दर्यात घालायची असो, आधी देवीचे मत घ्यायचे. उजवा कौल पडला तर पुढे, डावा पडला तर थांबायचे. शहाणीसुरती, शिकलेली माणसेही थांबतात, हे मी पाहिले आहे. कायद्यातल्या जनसुनावणीत डावा कौल पडण्याची सोयच नसते.

कायदा वारशाकडे कसा पाहतो, हे इथे जरा तपशिलात पाहायला हवे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी २०१९ ची. २०११ च्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसास्थळे सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात, खारफुटी आणि प्रवाळांच्या पंगतीला बसवली आहेत. म्हणजे दगडी वारशाला जागा आहे. त्याच अधिसूचनेने मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करायला सांगितले आणि मासेमारी गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवण्याच्या जागा हे सगळे मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत दाखवावे असेही म्हटले. वाचताना वाटते, चला, बोंबील वाळवण्याच्या वलांड्यांपर्यंत तरी सरकार पोहोचले. पण हे सगळे किनाऱ्यावरचे. भरतीची रेषा ओलांडली की प्रत्यक्षातल्या नकाशांतून कोळी जवळजवळ नाहीसा होतो. आणि किनाऱ्यावरही, कोळीवाड्यांचे सीमांकन हा विषय वर्षानुवर्षे बैठकांमध्येच वाळतो आहे. दरम्यान, ज्या वाड्याची सीमा ठरलेली नाही त्याला झोपडपट्टी म्हणणे फार सोपे होऊन बसते.

खांदेरीचे उदाहरण घ्या. थळच्या समोरच्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या आरमाराला तोंड देऊन तो राखला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीही जागतिक वारसा यादीत गेला. आनंद झाला, व्हायलाच हवा. पण त्या बेटावर वेताळाचे ठाणे आहे. शेंदूर नव्हे, पांढरा रंग दिलेली मोठी शिळा. अलिबागकडचे आणि मुंबईचे कोळी त्याला मानतात आणि होडीने दर्शनाला जातात. यादीत तटबंदी आहे, बुरूज आहेत, तोफा आहेत. वेताळाकडे जाणारी होडी ज्या बंदरातून सुटते ते बंदर, आणि त्या होडीचा समुद्रातला रस्ता, कुठल्याही यादीत नाही. उद्या बंदर बुजले तर किल्ला सुरक्षित राहील आणि वेताळाला नारळ वाढवायला कुणी येणार नाही.

प्रवाळांचेही असेच. किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळ खडकांवर प्रवाळ सापडले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचे नाव असल्याने परवानग्या निघाल्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले, आणि २०२० मध्ये त्या वसाहती काळजीपूर्वक कुलाब्याच्या बाजूला नेऊन लावल्या गेल्या. चांगलेच झाले. पण त्याच खडपांवर ओहोटीला बायका कालवे फोडायला जात. गुडघाभर पाण्यात, कमरेला लुगड्याचा ओचा खोचून, एका हातात टोपली. कोणत्या खडपावर कालवे जाड, कोणत्यावर पाय घसरतो, पाणी परतायला लागले हे कोणत्या खोबणीतल्या बुडबुड्यांवरून ओळखायचे, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे येई. त्या ज्ञानाला कुठली अनुसूची लागू होत नव्हती. होडीला नोंदणी क्रमांक असतो, होडीच्या मालकाला परवाना असतो. टोपलीला काहीच नसते. भरपाईचे अर्ज निघतात तेव्हा ही बाई 'मच्छीमार' ठरत नाही. ती फार तर मच्छीमाराची बायको ठरते.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा करार २००३ मध्ये केला आणि भारताने त्याला २००५ मध्ये मान्यता दिली. त्यात वारशाची व्याख्या करताना निसर्गाविषयीचे ज्ञान आणि व्यवहार यांना वेगळे स्थान आहे, आणि कोणती गोष्ट वारसा हे ठरवण्यात त्या समाजालाच महत्त्वाचे मानले आहे. आपल्याकडे या कराराचे काम पाहण्याची जबाबदारी संगीत नाटक अकादमीकडे गेली. अकादमीबद्दल मला आदर आहे. पण खाते कोणाकडे जाते यावरून आपण विषय काय समजलो ते कळते. आपण तो नाच-गाण्याचा विषय समजलो. म्हणून पुलाच्या उद्घाटनाला कोळीनृत्य असते, भिंतीवर रुमालवाल्या कोळ्याचे आणि पाटीवाल्या कोळणीचे चित्र असते, आणि त्याच कोळ्याची होडी पुलाखालून जाते की नाही हे पाहणारा विभाग वेगळा असतो. किंवा नसतोच.

न्यायालयांनी मधूनमधून वेगळा सूर लावला आहे. २०१९ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने किनारा रस्त्याची परवानगी रद्द केली; डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम सुरू झाले. त्याआधीचा, आणि माझ्या मते या विषयात अधिक महत्त्वाचा, निकाल उरणचा. तिथल्या बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावाने खाडीतल्या होड्यांच्या वाटा आक्रसल्या, खारफुटी गेली, मासळीच्या जागा गेल्या. चार कोळीवाड्यांच्या वतीने मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाने १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खाडीत पारंपरिक मासेमारी करण्याचा हक्क हा पैशात मोजता येणारा हक्क आहे, हे तिथे कागदावर आले. २०२३ मध्ये राज्य सरकारने प्रकल्पबाधित मच्छीमारांच्या भरपाईचे धोरणही आणले.

पण भरपाई म्हणजे जतन नव्हे. हे वाक्य लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ज्याची चूल बंद पडली त्याला पैसे आधी हवेत आणि वारशाच्या गप्पा नंतर. तरीही. उरणमधल्याच हनुमान कोळीवाड्याकडे पाहा. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला आणि माणसांना दुसरीकडे घरे मिळाली. त्या घरांना वाळवी लागली. नव्या जागी पुन्हा पुनर्वसन करा म्हणून ते गाव आजही भांडते आहे. घर मोजता येते, म्हणून ते दिले गेले. खाडीशी असलेले घराचे नाते कुठल्या तक्त्यात बसेना, म्हणून ते दिले गेले नाही. आणि शेवटी घरही उभे राहिले नाही.

आता उत्तरेकडे वाढवण आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने वाढवणचे बंदर नाकारले. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. २०२३ च्या जुलैअखेरीस प्राधिकरणाने त्याच जागेच्या बंदराला ना-हरकत दिली, पुढच्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींच्या वर खर्चाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात पायाभरणी झाली. समुद्रात १४०० हेक्टरांहून अधिक भराव व्हायचा आहे. वाढवणपुढचा खडकाळ पट्टा ओहोटीला दूरवर उघडा पडतो. मासळीचे प्रजननक्षेत्र म्हणून मच्छीमार तो राखत आले आहेत आणि त्यातल्या शंखोदरावर लोकांची श्रद्धा आहे. मागच्या बाजूला चिकूच्या वाड्या, वारली पाडे, आणि चिंचणी-वरोरच्या घरांघरांत दागिन्यांचे ठसे कोरणारे डायमेकर. हे सगळे एकमेकांत अडकलेले आहे. सकाळी वाडीवर, दुपारी डायवर आणि ओहोटीला खडपावर, अशी कुटुंबे तिथे आहेत. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग याच पट्ट्याने व्यापला आहे, कारण इथे अजून नोंदी करायला वेळ आहे. वरळीत नव्हता.

एक कबुली द्यायला हवी. किनारा रस्त्यावरून मी जातो. गिरगावातून वरळीला काही मिनिटांत पोहोचलो की बरे वाटते. बंदरे नकोत, रस्ते नकोत असे म्हणणाऱ्यांत मी नाही, आणि ही टिपणे करणारे तरुणही नाहीत. त्यांच्यातले दोघे तर स्वतः स्थापत्य अभियंते आहेत. कोळीवाड्याला देवघरातल्या मूर्तीसारखे काचेत ठेवायचेही कारण नाही. होड्यांना शिडे होती तिथे इंजिने आली, सुतळीच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले, आणि कुणी वारसा बुडाला म्हणून रडले नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांनी समुद्र खरवडणारे परकेच असतात असेही नाही, आणि वाड्यातली मोक्याची जागा बिल्डरला देणारा हात कधीकधी वाड्यातलाच असतो. पुस्तकात हे लपवलेले नाही, म्हणून मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. जिवंत वारसा बदलतोच. मात्र कशात बदल करायचा हे ज्याचे त्याने ठरवले तर तो वारसा. दुसऱ्याने ठरवले तर ते विस्थापन.

या नोंदींची पद्धत साधी आहे. टिपणे करणारे तांडेलांबरोबर होडीत बसले आणि त्यांनी विचारले: इथे काय आहे? उत्तर आले की ते लिहिले, आणि फोनवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. त्यातून खडपांची नावे निघाली, वाटा निघाल्या, कोणत्या महिन्यात कुठे बोंबील आणि कुठे जवळा ते निघाले, देवाला नारळ कुठे सोडतात ते निघाले. बायकांच्या मुलाखती बायकांनी घेतल्या, बाजारात मासळी संपल्यावर, उरलेल्या बर्फावर बसून. तिसऱ्या प्रकरणात अशा एका बंदराचा पूर्ण नकाशा आहे. नकाशातला निळा भाग नावांनी इतका भरून गेला आहे की जमीनच कोरी वाटावी. वरळीच्या आराखड्याआधी असा एक नकाशा कुणाच्या टेबलावर असता तर खांब क्रमांक आठ कागदावरच खोडला गेला असता, त्याला काही वर्षे आणि मोर्चे लागले नसते. रस्त्याचेही भलेच झाले असते. या पुस्तकाकडे केवळ जतनाचे पुस्तक म्हणून पाहू नये, असे मला वाटते ते यासाठी. हा अभियांत्रिकीचा कच्चा माल आहे.

वाचकांत कुणी अभियंता, नियोजनकार किंवा मंत्रालयातला अधिकारी असेल तर त्याला एवढेच सांगणे: तिसरे प्रकरण आधी वाचा, आणि मग जवळच्या कोळीवाड्यात जा. जाताना पत्रकारांना नेऊ नका. वेळ मात्र पंचांग पाहून ठरवा. भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीला पाऊणकीच्या पाढ्याने गुणायचे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि संध्याकाळी साडेपाचला ओहोटी. त्या वेळी खडपे उघडी असतात आणि बायका कालवांवर असतात.